हन्नाची मरियम : एका जर्मन नावाची कहाणी

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका करायचा आणि नाव ठेवायचे असे ठरले. घरात आनंद होताच, पण नावावरून दोन दिवस चांगलीच खडाजंगी झाली.

अम्मीचे म्हणणे होते, "मरियम ठेवा. माझ्या आईचं नाव." भाऊ पुण्यात नोकरी करतो. त्याला 'सारा' हवे होते आणि कारणही त्याने सरळ सांगितले. "आपा, सारा हे नाव कुणाचंही असू शकतं. फॉर्मवर वाचून काही कळत नाही. मरियम म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो." दोन वर्षांपूर्वी भाड्याचे घर शोधताना फोनवर नाव सांगताच 'जागा गेली' हे उत्तर त्याने अनेकदा ऐकले आहे. त्याला मी काय समजावणार? तेवढ्यात पाहुण्यांपैकी एकाने तिसराच मुद्दा काढला, "मरियम म्हणजे मेरीच की. लोक ख्रिश्चन समजतील."

बाळाची आई, म्हणजे माझी भावजय, पलंगावर बाळाला मांडीत घेऊन बसली होती. तिला कुणी विचारले नव्हते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे नावाचा अर्थ काढायची वेळ आली की घरातले माझ्याकडे बघतात. त्या दिवशीही बघितले. पण मला त्या क्षणी आठवले ते एक जर्मन नाव. त्या नावात मरियम आहे, मरियमची आईही आहे. आणि त्या देशाच्या इतिहासात 'सारा' हे नावही एका फार वाईट जागी येऊन उभे राहते. ती गोष्ट त्या दिवशी घरात तुकड्या-तुकड्याने सांगितली. इथे जरा सविस्तर लिहिते.

'मेरी' म्हणजे माझी?

२००३ च्या सुरुवातीला मी बी.एड. करत होते. एका उर्दू वर्तमानपत्रात बातमी होती की इकबालवर आयुष्यभर काम करणारी जर्मन विदुषी वारली. नाव छापले होते तीन तुकड्यांत : एन, मेरी, शमल. उर्दू लिपीत 'मेरी' हा शब्द 'माझी' असाही वाचता येतो आणि इंग्रजी 'मेरी' असाही. मी मोठ्याने वाचले तेव्हा मैत्रिणी हसल्या, "एन तुझी कधीपासून झाली?"

ती होती आनेमारी शिमेल. जर्मन लोक नावाचा उच्चार असाच करतात, आनेमारी. ७ एप्रिल १९२२ रोजी एरफुर्ट शहरात तिचा जन्म झाला आणि २६ जानेवारी २००३ रोजी बॉनमध्ये ती वारली. पंधराव्या वर्षी तिने अरबी शिकायला सुरुवात केली. एकोणिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. युद्धाच्या काळात तिने जर्मनीच्या परराष्ट्र खात्यात भाषांतरकार म्हणून काम केले, म्हणजे हिटलरच्या सरकारची नोकरी केली, हेही सांगायला हवे. पुढे १९५४ पासून पाच वर्षे ती अंकाराच्या इलाहियात विभागात धर्मांचा इतिहास शिकवत होती. एक स्त्री, तीही मुसलमान नसलेली, आणि समोर भावी इमाम-खतीब घडवणारे विद्यार्थी! नंतर ती बॉनला आणि १९६७ पासून हार्वर्डला शिकवू लागली. इकबालचे 'जावेदनामा' तिने जर्मन पद्यात आणले. इकबालच्या धर्मविचारावरचे तिचे 'गॅब्रिएल्स विंग' १९६३ मध्ये आले. सूफी परंपरेवरचे १९७५ चे पुस्तक आजही विद्यापीठांत वाचले जाते. लाहोरमध्ये कालव्याच्या एका काठच्या रस्त्याला गटेचे नाव आहे, दुसऱ्या काठच्या रस्त्याला तिचे.

तिने १९८९ मध्ये मुसलमानांच्या नावांवरही एक अख्खे पुस्तक लिहिले. नावे कशी ठेवतात, लाडाने कशी मोडतात, आदराने कशी बदलतात, हे सगळे त्यात आहे. तुर्कस्तानात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावाचा आदर म्हणून मुलाला हाक मारताना 'मेहमेत' म्हणतात, तसली उदाहरणे. आपल्या नावांचा असा बारकाईने विचार करणाऱ्या या बाईचे स्वतःचे नाव काय सांगते, हा प्रश्न मला तेव्हापासून होता.

भाला, लढाई आणि मग एक आई

जर्मन मुलींची खरी जुनी नावे ऐकली तर दचकायला होते. गेरट्रूड : 'गेर' म्हणजे भाला, 'ट्रूड' म्हणजे बळ. माथिल्डे : 'मख्ट' म्हणजे शक्ती आणि 'हिल्ट' म्हणजे लढाई. हिल्डेगार्ड : लढाई आणि रक्षण. आडेलहाइड जरा शांत आहे, तिच्यात 'आडेल' म्हणजे कुलीनपणा आहे. मुलांच्या गोष्टींतली डोंगरावरची 'हाइडी' ती हीच. या जुन्या नावांची रीत अशी की दोन शब्द घ्यायचे आणि जोडायचे. दोन शब्द मिळून एक सरळ अर्थ निघालाच पाहिजे असे नाही. आई-वडिलांच्या नावातला एकेक तुकडा घेऊनही बाळाचे नाव तयार होई.

ख्रिस्ती धर्म आला तरी ही नावे लगेच गेली नाहीत. कित्येक शतके संत म्हणवल्या जाणाऱ्या बायकाही गेरट्रूड आणि हिल्डेगार्डच होत्या. तेराव्या-चौदाव्या शतकापासून मात्र बायबलातली आणि संतांची नावे घरोघरी शिरू लागली. त्यांत खूप चाललेले एक नाव म्हणजे आना.

'आना' मुळात हिब्रू हन्ना. अर्थ : कृपा, मेहरबानी. ग्रीकमध्ये जाताना सुरुवातीचा 'ह' गळाला आणि 'आना' उरले. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून जर्मन. आपल्याला हा शब्द परका नाही. हिब्रूतल्या या धातूचे अरबी भावंड म्हणजे 'हनान', माया, कळवळा. दुआ मागताना आपल्या घरातल्या बायका 'या हन्नान, या मन्नान' म्हणतात, तो हाच धातू. कुरआनात 'हनान' हा शब्द हजरत यह्या (अ.स.) यांच्याविषयी येतो आणि येतो तोही सूरह मरियममध्येच. यह्यांचे हिब्रू नाव 'योहानान', म्हणजे अल्लाहने कृपा केली. त्याचे जर्मन झाले योहानेस आणि लाडाने हान्स. म्हणजे जर्मनीतला प्रत्येक हान्स आणि प्रत्येक आना एकाच मुळावरची दोन फळे आहेत.

जर्मनांची ही आना कोण? हजरत मरियमची आई. गंमत अशी की मान्य बायबलमध्ये मरियमच्या आईचे नावच नाही. दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ख्रिस्ती ग्रंथात, जो बायबलमध्ये धरला जात नाही, ते पहिल्यांदा येते. त्यातली गोष्ट बायबलातल्या आणखी जुन्या हन्नाच्या वळणावर जाते. ती हन्ना म्हणजे शमुवेल नबींची आई. तिलाही मूल होत नव्हते आणि तिनेही मूल देवाच्या सेवेला वाहण्याचा नवस केला होता.

आणि आपल्याकडे? कुरआनातही मरियमच्या आईचे नाव नाही. सूरह आलि इमरानमध्ये तिचा उल्लेख 'इमरानची बायको' एवढाच आहे. हन्ना हे नाव आपल्याला मुफस्सिरांनी आणि इतिहासकारांनी दिले. दोन्ही धर्मांच्या ग्रंथांत तिचे नाव नाही आणि दोन्ही धर्मांच्या लोकांनी तिला एकाच नावाने ओळखले. लोकांना त्या बाईला नावाशिवाय ठेवणे जमले नाही, असे मला वाटते.

१५०० च्या आसपास जर्मनीत या आनाची भक्ती शिखरावर होती. खाणकामगार तिला आपली संत मानत. चांदीच्या खाणींमुळे वसलेल्या एका गावाचे नाव तिच्यावरून आनाबेर्ग पडले. चर्चमध्ये तिच्या मूर्ती असत त्या तिघांच्या : आजी आना, लेक मारिया आणि नातू येशू. जर्मनमध्ये या मूर्तीला 'आना सेल्बड्रिट' म्हणतात, म्हणजे 'स्वतः धरून तिघांतली आना'. नातवाला मांडीवर घेतलेल्या लेकीलाच मांडीवर घेऊन बसलेली आजी, अशीही काही शिल्पे आहेत. आमच्या घरात अकीक्याच्या दिवशी पलंगावर जवळजवळ हेच चित्र होते.

२ जुलै १५०५ रोजी एक तरुण विद्यार्थी पायी एरफुर्टला चालला होता. श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळात सापडला आणि वीज अगदी जवळ कोसळली. घाबरून त्याने आनाचा धावा केला आणि वाचलो तर संन्यासी होईन असा नवस बोलला. तो खाणीच्या धंद्यातल्या घरातला होता, त्यामुळे संकटात आना आठवणे साहजिकच. तो विद्यार्थी म्हणजे मार्टिन ल्यूथर. पुढे त्याच्याच चळवळीने प्रॉटेस्टंट मुलखातली संतांची पूजा बंद पाडली. पूजा गेली, नाव मात्र गेले नाही. चारशे वर्षांनंतर त्याच एरफुर्टमधल्या एका प्रॉटेस्टंट घरात आनेमारी जन्मली.

मारिया ठेवायला लोक घाबरत

आता नावाचा दुसरा अर्धा भाग. मारी म्हणजे मारिया, म्हणजे मरियम. हिब्रूत मिरयम. ही पहिली मिरयम म्हणजे हजरत मूसा (अ.स.) यांची बहीण. पाण्यावर वाहत जाणाऱ्या पेटीमागे काठाकाठाने चालत गेलेली. कुरआनात ती प्रसंगासह येते, पण नावाशिवाय. हिब्रू मिरयमचे आरमाईत झाले मरियम, ग्रीकमध्ये मरियाम आणि मारिया, लॅटिनमध्ये मारिया, जर्मनमध्ये मारिया आणि मारी.

अर्थाबद्दल विद्वानांत पूर्वीपासून वाद आहे. कुणी 'कडू' म्हणतो, कुणी प्राचीन मिसरी भाषेतल्या 'प्रेम' अर्थाच्या शब्दाशी नाते जोडतो. लॅटिनमध्ये कुणीतरी 'समुद्राचा थेंब' असा अर्थ लावला. पुढे थेंबाच्या शब्दाचा तारा झाला आणि मरियम 'समुद्राची तारका' बनली. आपल्याकडे जमखशरीने आपल्या तफसीरमध्ये सांगितले की त्या लोकांच्या भाषेत मरियम म्हणजे इबादत करणारी. मला हा अर्थ आवडतो. व्युत्पत्ती म्हणून पटतो म्हणून नव्हे, तर तिच्या आईच्या नवसाशी तो जुळतो म्हणून.

जर्मनीत आना सगळीकडे होती, पण मारिया हे नाव मुलीला ठेवायला लोक बरीच शतके कचरत. ते इतके पवित्र की रोज हाक मारायला, रागवायला कसे वापरायचे? सोळाव्या शतकानंतर ही भीड हळूहळू मोडली आणि मग मात्र पूर आला. मारी, मिया, रिया, मित्सी, माइके ही सगळी एकाच मरियमची लाडकी रूपे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या इवल्या किड्यालासुद्धा जर्मन मुले मारियाचा किडा म्हणतात.

आना आधीच घरात होती, मारिया नंतर आली. दोघी मायलेकी. मग त्यांना एकत्र ठेवणे ओघानेच आले. आना मारिया, मारिया आना, मारियाने आणि जोडून लिहिले की आनेमारी. मोत्सार्ट या संगीतकाराच्या आईचे नाव आना मारिया होते आणि बहिणीचे मारिया आना. जुन्या जर्मन नावांत दोन शब्द जोडत, इथे दोन माणसे जोडली गेली. भाला आणि बळ याऐवजी आई आणि मुलगी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आनेमारी हे जर्मनीतल्या साध्या घरांतले नेहमीचे नाव होते. आपल्याकडे एका पिढीत घरोघरी एक शबाना आणि एक सुनीता असे, तसे.

शिमेल बाईंच्या बाबतीत एक गोष्ट वाचली आणि मी थांबले. त्यांच्या आईचे नाव होते आना. आनाची आनेमारी. हन्नाची मरियम.

पडद्यामागची आना मारिया

इथे आणखी एका आना मारियाची ओळख करून द्यायला हवी. आना मारिया फान शुर्मान, जन्म १६०७, जर्मनीतल्या कोलोन शहरात. पुढे ती हॉलंडमध्ये राहिली. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, सुर्यानी आणि अरबी शिकली, हबशी भाषेचे व्याकरण लिहिले. १६३६ मध्ये उट्रेख्टचे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तिला वर्गात बसायची परवानगी मिळाली. पण मुलांना ती दिसू नये म्हणून तिची जागा वेगळी, पडद्याआड. तिथून ती व्याख्याने ऐके. मुलींनी ज्ञान मिळवणे योग्य आहे, हे सांगणारा ग्रंथही तिने लॅटिनमध्ये लिहिला.

'पडदा म्हणजे फक्त मुसलमानांचा' असे ज्यांना वाटते त्यांना मी ही गोष्ट सांगते. आणि 'पडद्यामुळे शिकता येत नाही, म्हणून मुलीला शाळेतून काढतो' म्हणणाऱ्या आपल्याच लोकांनाही सांगते. पडद्यामागे बसून का होईना, चारशे वर्षांपूर्वी ती अरबी शिकली. सुमारे तीनशे वर्षांनी दुसरी आनेमारी अरबी शिकली आणि पडद्याशिवाय अंकाराच्या वर्गात फळ्यापुढे उभी राहिली.

१९३८ : सारा नावाचा शिक्का

आता भावाच्या 'सारा'कडे येते.

१७ ऑगस्ट १९३८ रोजी हिटलरच्या सरकारने एक हुकूम काढला. ज्या ज्यूंची नावे सरकारने बनवलेल्या 'ज्यू नावां'च्या यादीत बसत नाहीत, त्यांनी आपल्या नावापुढे आणखी एक नाव लावायचे. पुरुषांनी 'इस्रायल' आणि बायकांनी 'सारा'. १ जानेवारी १९३९ पासून हे सक्तीचे झाले. ओळखपत्रावर सारा, कोर्टात सारा, दुकानाच्या कागदावर सारा. म्हणजे एखादी गेरट्रूड, जिचे नाव जर्मनांच्याही जर्मन, भाल्याचे नि बळाचे, ती एका दिवसात 'गेरट्रूड सारा' झाली. कागद वाचणाऱ्याला चेहरा बघायची गरज उरली नाही. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. याद्या करणाऱ्यांचे काम या एका शब्दाने सोपे केले होते.

बीबी सारा म्हणजे हजरत इब्राहीम (अ.स.) यांची पत्नी, हजरत इसहाक (अ.स.) यांची आई. ज्या माउलीचे नाव तिन्ही धर्मांत आदराने घेतात, त्याचा शिक्का केला गेला.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघा. त्याच दिवसांतल्या सरकारी सूचनांत म्हटले होते की जर्मन मुलांना जर्मन नावे ठेवावीत, पण हान्स, पेटर, एलिझाबेथ, मारिया अशी शतकानुशतके रुळलेली नावे जर्मनच समजावीत. सारा हिब्रू, मारियाही हिब्रू. हान्सही हिब्रू, एलिझाबेथही हिब्रू. एकाच मुलखातून, एकाच ग्रंथातून आलेल्या बायका. त्यातली एक 'आपली' ठरली आणि एक 'त्यांची'. नावात तसे काहीच नव्हते. ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता होती, एवढेच.

१२ जून १९२९ रोजी फ्रांकफुर्टमध्ये एका ज्यू घरात मुलगी झाली. तिचे पूर्ण नाव आनेलीस मारी फ्रांक. जग तिला अ‍ॅन फ्रँक म्हणून ओळखते. नाव नीट फोडून बघा. आने म्हणजे हन्ना, मरियमची आई. लीस म्हणजे एलिझाबेथ, हिब्रूत एलिशेवा. ती हजरत जकरियांची पत्नी आणि यह्यांची आई. मारी म्हणजे खुद्द मरियम. आलि इमरानच्या गोष्टीतल्या तिन्ही बायका या एका मुलीच्या नावात होत्या. आणि नाव किती जर्मन! आनेमारीची सख्खी बहीण शोभावी असे. त्याचा उपयोग झाला नाही. १९४५ च्या सुरुवातीला बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत ती वारली, पंधरा वर्षांची.

हे सांगितले तेव्हा भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे नाव बदलूनही काही होत नाही, असं म्हणायचंय तुला?"

मला तसे म्हणायचे नव्हते. त्याला घर हवे आहे, मुलीला चांगली शाळा हवी आहे, नोकरीच्या मुलाखतीत तिचा अर्ज पहिल्या ढिगातून बाजूला पडू नये असे त्याला वाटते. बापाच्या या भीतीला हसू नये. मला एवढेच दिसते की तेव्हाच्या जर्मनीत मारिया खपत होती आणि साराने जीव जात होता. आज आमच्याकडे सारा खपते आणि मरियम अडते. वीस वर्षांनी काय खपेल, ते आज कोण सांगणार? समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजून नाव ठेवायचे म्हटले तर आठ्या बदलतील तशी नावे बदलत बसावे लागेल.

मरियम परकी कधी होती?

पाहुण्यांच्या 'ख्रिश्चन वाटेल' या मुद्द्याला तर आपल्या कोकणानेच उत्तर दिले आहे. रायगडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल लोक मराठीच बोलत. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात मिरियम आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत मारिया आहे. वांद्र्याच्या मोत मावलीला सप्टेंबरात सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात. आणि कोकणातल्या मुसलमान घरांत मरियमबी आहे. तिघींची बोली मराठी, तिघींचे नाव एक.

आपल्या बाजूने बघितले तर कुरआनात नावाने उल्लेख असलेली मरियम ही एकमेव स्त्री आहे. नाव चौतीस वेळा येते. एक पूर्ण सूरह तिच्या नावाची आहे. मक्केत छळ सोसवेना म्हणून हबशाला गेलेल्या मुसलमानांना तिथल्या ख्रिस्ती राजाने विचारले, तुमचा धर्म काय सांगतो? तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी याच सूरहचा सुरुवातीचा भाग वाचून दाखवला आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आले, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. परक्या मुलखात आश्रय मागताना ओळख म्हणून जे नाव पुढे केले, ते मरियमचे होते.

माझ्या नानीचे नाव मरियमबी. रेशनकार्डावर कुणा कारकुनाने ते 'मरीबाई' केले आणि ते मरेपर्यंत तसेच राहिले. गावातले लोक तिला मरीभाभी म्हणत. काहींना वाटे, मरीआईच्या नवसाने झाली म्हणून हे नाव. नानी हसून सोडून देई. तिच्याकडे पत्र्याच्या डबीत 'मरियम बूटी' होती, हजला गेलेल्या कुणीतरी आणलेली. वाळलेल्या मुठीसारखी दिसणारी ती वनस्पती बाळंतपणाच्या वेळी पाण्यात टाकायची. पाण्यात ती हळूहळू उघडते. ती उघडली की बाईची सुटका सोपी होते, असा समज. औषध म्हणून माझा त्यावर विश्वास नाही, पण ती डबी गल्लीतल्या सगळ्या घरांत जाऊन येई. मराठ्यांच्या घरातही, माळ्यांच्या घरातही. मरियमचे नाव घेतले म्हणून कुणी ती नको म्हटली नाही.

घराच्या उताऱ्यावर मात्र नानीचे नाव कधी लागले नाही. जिथे तिथे 'अमुक यांची पत्नी'. इमरानच्या बायकोसारखी.

नाव कुणी ठेवले?

आणि मी अम्मीला, भावाला नि पाहुण्यांना शेवटी हेच सांगितले. सूरह आलि इमरान पुन्हा वाचा. इमरानच्या बायकोने पोटातले मूल अल्लाहच्या घराच्या सेवेला वाहिले होते. त्या काळी ही सेवा मुलग्यांची. झाली मुलगी. तिच्या बोलण्यात क्षणभर संकोच दिसतो. पण लगेच ती अल्लाहला सांगते की मी हिचे नाव मरियम ठेवले आहे. मी ठेवले आहे. वडील नाहीत, काका नाहीत, पाहुणे नाहीत. तिथे आईच बोलते आणि नाव आईनेच ठेवले. पुढे कुरआन म्हणते की अल्लाहने त्या मुलीचा उत्तम स्वीकार केला. ज्या आईचे स्वतःचे नाव तिथे आले नाही, तिने ठेवलेले नाव चौतीस वेळा आले.

जर्मनांनी त्या दोघींची ताटातूट होऊ दिली नाही, म्हणून मला आनेमारी हे नाव आवडते. त्यात मुलीबरोबर तिचे नाव ठेवणारी आईही आहे. ते हिब्रूत जन्मले, ग्रीक आणि लॅटिनमधून फिरले, एरफुर्टच्या एका घरात राहिले आणि उर्दू वर्तमानपत्रात तीन तुकड्यांत माझ्यापर्यंत आले. त्या दिवशी मी 'मेरी' असे वाचले, ते फार चुकले नव्हते.

मी भावजयीजवळ जाऊन बसले आणि विचारले, "दुल्हन, तुझ्या मनात काय आहे?"

ती म्हणाली, "आपा, मी तर हिला पहिल्या रात्रीपासून मरियमच म्हणतेय. कुणी विचारलंच नाही, म्हणून बोलले नाही."

अम्मीने डोळ्यांना पदर लावला. भाऊ थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग नगरपालिकेचा जन्मनोंदणीचा अर्ज माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. आणि नीट लिही, मरीबाई होऊ देऊ नको."

मी सावकाश, सुटे सुटे लिहिले. मरियम. त्याखाली आईच्या नावाचा रकाना होता. तोही पूर्ण भरला.